दुभाषीची खुर्ची

खुर्ची आपोआप सरकत नाही. कुणीतरी ती सरकवावी लागते, आणि सरकताना ती फरशीवर आवाज करते. तो आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. इस्पितळाच्या छातीच्या विभागात, एका अरुंद खोलीत, म्हातारा मिस्त्री डॉक्टरांसमोर बसला होता आणि ती, दुभाषी, नेहमीसारखी त्याच्या उजव्या खांद्यामागे. डॉक्टरांनी खोकल्याचं विचारलं. तिने पुढे वाकून मिस्त्रीच्या कानाशी, त्याच्या भाषेत, तोच प्रश्न हलक्या आवाजात विचारला. उत्तर द्यायच्या आधी मिस्त्रीने दोन्ही हातांनी बैठकीच्या कडा धरल्या, बूड जरासं उचललं आणि खुर्चीसकट तो वीतभर पलीकडे झाला. मग म्हणाला, थंडी पडल्यापासून. "थंडी पडल्यापासून मला खोकला आहे," तिने डॉक्टरांना सपाट आवाजात सांगितलं आणि त्या वीतभर जागेकडे बघत राहिली. तिथे एक हिरवट फरशी होती, कोपरा उडालेली. मघाशी ती खुर्चीच्या पायाखाली झाकलेली होती.

त्याला ऊन लागत असेल, असं तिने आधी ठरवलं. पण खोलीला खिडकीच नव्हती. मग वाटलं, त्या कानाने कमी ऐकू येत असेल. पण कमी ऐकू येणारा माणूस जवळ येतो, लांब जात नाही. तपासणी संपेपर्यंत ती असं एकेक कारण उचलून बघत होती आणि खाली ठेवत होती, आणि तोंड मात्र आपलं काम चोख करत होतं, बेडका, धाप, अंगातली कसर. एरवी निघताना पेशंट तिचा हात हातात घेतात, म्हाताऱ्या बायका गालावरून हात फिरवतात. परक्या शहरात आपली भाषा बोलणारं कुणी भेटलं की माणसं विरघळतात. मिस्त्रीने दारातूनच मान हलवली आणि तो गेला. ती बायकांच्या बाथरूममध्ये गेली, कडी लावली, तोंडापुढे ओंजळ धरून फुंकर मारली आणि पटकन त्यात नाक खुपसलं. साबणाचा वास आला. मग मनगटाला जीभ लावली, ते सुकू दिलं आणि हुंगलं. कसला तरी आला, पण तो मनगटाचा, घड्याळाच्या पट्ट्याचा की आपला, काही कळेना. दुसऱ्याच्या घराचा वास दारातच कळतो आणि स्वतःच्या घराचा जन्मभर राहून कळत नाही, हे तिने कितीदा हसत हसत बोलून दाखवलं होतं. आता तिने मनगट पुन्हा एकदा हुंगलं.

तिच्या कामाचा पहिला नियम असा, की खोलीतला 'मी' पेशंटचा असतो. पेशंट म्हणाला माझं पोट दुखतं, तर दुभाषीने त्यांचं पोट दुखतं असं म्हणायचं नाही. माझं पोट दुखतं असंच म्हणायचं. स्वतःला काही सांगायची वेळ आलीच तर म्हणायचं, दुभाषीला नीट ऐकू आलं नाही, दुभाषीला पाणी प्यायचंय. जणू दुभाषी म्हणून तिसरंच कुणी माणूस कोपऱ्यात उभं आहे. दुसरा नियम, खोलीत जे बोललं जाईल ते दोन्ही बाजूंना कळलं पाहिजे. गाळायचं नाही, भर घालायची नाही, गोड करायचं नाही. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेशंटने शिवी हासडली तर तुम्हीही हासडा. आणि तिने हासडली होती. एका ट्रकवाल्याने हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना आईवरून दिलेली कचकचीत शिवी तिने त्याच सपाट आवाजात, एक शब्द न गाळता पोचवली होती, आणि नर्सा तोंडाला पदर, रुमाल, फायली, जे हाताला लागेल ते लावून हसल्या होत्या. एवढ्या वर्षांत तिला छप्पन्न आजार झाले होते. ती बाळंत झाली होती, तिचा पाय कापला होता, तिला लघवीला अडकायचं, तिची सून तिला जेवायला देत नव्हती. सगळं ती 'मी' म्हणून बोलली होती आणि घरी आल्यावर 'मी' दारातल्या चपलांबरोबर काढून ठेवल्यासारखा बाहेरच राहायचा. स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायची तिची सवयच मोडली होती.

त्या दिवसापासून सगळ्या जगाला नाक फुटलं. लिफ्टमध्ये कुणी वर आकड्यांकडे बघत उभं राहिलं की तिला वाटायचं, माझ्यापासून तोंड वर केलंय. बसमध्ये शेजारचा उतरून गेला की ती बघायची, खरंच उतरला की मागच्या सीटवर गेला. दुभाष्यांच्या खोलीत एक उंच सहकारी होता, सगळे त्याला लांबू म्हणायचे. त्याने एकदा खिशातून पेपरमिंटची डबी काढून तिच्यापुढे धरली. "घ्या ताई, एकदम कडक आहे." तिने घेतली, हसली, आणि ती गोळी दातांखाली विरघळेपर्यंत तिच्या मानेवर घाम आला. लांबूने शेजारी उभ्या असलेल्या मुख्य बाईंना गोळी दिली नाही. का दिली नाही? त्या तर हाताच्या अंतरावर होत्या. नंतर कित्येक दिवस ती लांबूच्या खिशावर लक्ष ठेवून होती, तो कुणाला देतो, कुणाला देत नाही. एके दिवशी त्याने सफाईवाल्याला दिली, फोन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दिली, आणि तिला वाटलं, सुटले. दुपारी तीच डबी पुन्हा तिच्यापुढे आली आणि सुटका संपली. ती आता बोलताना तोंडावर हात ठेवू लागली. आधी विचारात पडल्यासारखा, मग खोकल्यासारखा, मग सरळसरळ.

"अहो, खरं सांगा," तिने एका सुट्टीच्या सकाळी नवऱ्याला विचारलं. "माझ्या तोंडाला वास येतो का?"

"कसला?"

"कसला म्हणजे? घाण."

तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठला, तिच्यासमोर आला, हनुवटी धरून त्याने तिचं तोंड वर केलं आणि शर्टाला डाग पडलाय का बघावं तसं मन लावून हुंगलं. "छे. मला तर काही येत नाही बुवा."

"नक्की?"

"खोटं कशाला बोलू?"

तो खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती. त्याचा सगळा जन्म रंगाच्या दुकानात डबे ढवळण्यात गेला होता. थिनरने त्याचं नाक कधीच मारून टाकलं होतं. गेल्या महिन्यात शेजारच्या खोलीत दूध करपून पातेलं काळं झालं तरी साहेब शब्दकोडं सोडवत बसले होते. अशा नाकाचं प्रशस्तिपत्र घेऊन ती कुठे जाणार होती? तरी त्याने हनुवटी धरली तेवढा वेळ तिला बरं वाटलं होतं. मग वाटलं, आपण आता या एका माणसाजवळच बसू शकतो, कारण त्याला कळत नाही, आणि तिला रडू आलं. तो घाबरला. "अगं, येत नाही म्हटलं ना," तो पुन्हा म्हणाला.

तिच्या घरी, म्हणजे लहानपणच्या घरी, अशी विचारपूस करावी लागत नसे. वडील पुस्तकबांधणी करायचे, दोऱ्याचं टोक दिवसभर दातांत धरायचे, चहा प्यायचे, जेवण विसरायचे, आणि संध्याकाळी त्यांच्या तोंडाला असा काही वास यायचा की विचारू नका. आई विचारत नसे, सांगायची. पाहुणे बसलेले असोत नाहीतर गिऱ्हाईक. "अहो, आधी चूळ भरून या, मग बोला." वडील उठायचे, मोरीत खळखळून चूळ भरायचे, ओल्या मिशांनी परत येऊन बसायचे आणि राहिलेलं वाक्य पुरं करायचे. लाज नाही, राग नाही. शर्टाचं बटण उघडं आहे सांगावं तेवढीच गोष्ट. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला गेली, तेव्हा वडील तिच्याजवळ येऊन उभे राहिले आणि तोंड उघडून म्हणाले, "बघ गं, येतोय का? तुझी आई असती तर विचारावं लागलं नसतं." तिने सांगितलं, येतोय बाबा. ते मोरीत गेले. तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वडीलही नव्हते. आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहिली की तिला ती मोरी आठवायची, चूळ भरल्याचा तो मोठा आवाज आठवायचा, आणि जगात आपल्याला सांगणारं एकही माणूस उरलं नाही असं वाटायचं. मुलगी दूरच्या शहरात होती. ती रोज फोन करायची. फोनवर वास येत नाही.

उपाय तिने सगळे केले. मिठाच्या गुळण्या केल्या, लवंगा चघळल्या, जिभेची साल निघेल इतकी जीभ घासली, झोंबणारं निळं औषध तोंडात धरून डोळ्यांतून पाणी काढलं. कांदा सोडला, दूध सोडलं, मग दुपारचं जेवणच सोडलं, आणि रिकाम्या पोटी तोंड आणखी कडू झालं. इस्पितळातल्या दातांच्या विभागात जायचा प्रश्नच नव्हता. तिथे सगळे ओळखीचे. म्हणून एकदा अर्धी रजा टाकून ती बाजारातल्या एका दवाखान्यात गेली. जिना चढली, दार ढकललं. आत भिंतीला लागून बाकं, बाकांवर माणसं, आणि काउंटरवरची मुलगी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "बोला, काय त्रास आहे?" सगळी बाकं तिच्याकडे बघायला लागली. वाक्य सोपं होतं. असली वाक्यं ती दिवसातून शंभरदा बोलत होती. तिने तोंड उघडलं आणि आत बोलणारं कुणीच नव्हतं. "चुकून आले," ती म्हणाली, "मला खालच्या मजल्यावर जायचं होतं." आणि जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या बॅगांच्या दुकानात शिरली, कारण वरून कुणी बघत असेल तर, आणि नको असलेली बॅग बराच वेळ उघडून मिटून बघत राहिली.

मग मुख्य बाईंनी बोलावलं. मुख्य बाई वाईट नव्हत्या, पण गोड बोलायला लागल्या की सावध व्हायचं. वरच्या मजल्यावर फोनची खोली तयार झाली होती, काचेच्या केबिन, कानाला यंत्र लावून दिवसभर बसायचं, पेशंट तिकडे, डॉक्टर तिकडे, दुभाषी इकडे. "तुमच्यासारखं अनुभवी माणूस हवंय तिथे," मुख्य बाई म्हणाल्या. "जिने चढायला नकोत, या विभागातून त्या विभागात पळायला नको."

"माझ्याबद्दल कुणी काही बोललं का?"

"छे हो. कोण काय बोलणार?"

पण हे म्हणताना त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलून सरळ ठेवली. पेन्सिल आधीच सरळ होती. "घाई नाही," त्या म्हणाल्या, "सोमवारी सांगा." ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला तिची खुर्ची हवी होती. खांद्यामागची, कानाजवळची. घाबरलेल्या माणसाच्या मानेवरची शीर उडताना दिसते तिथली. त्या जागेवरून पुढच्या माणसाला नुसता शब्द पोचत नाही, कुणीतरी आपल्या बाजूला बसलंय हेही पोचतं. काचेच्या केबिनमधून काय पोचणार? आणि तरी ती केबिनमध्ये जाणार होती, कारण सोमवारपर्यंत ती कुणाला वासाचं काही विचारू शकणार नव्हती हे तिला माहीत होतं.

शुक्रवारी दातांच्या विभागातून निरोप आला. एक आजी आल्या होत्या, एकट्याच, लांबून बस बदलत. गालफडाला ओढणी बांधलेली, एक गाल टम्म. डॉक्टर तरुण बाई होत्या, तोंडावर मास्क, वर शांत डोळे. दातांच्या खोलीत जागा अशी की दुभाषीने बसायचं ते पेशंटच्या डोक्यापाशीच, स्टुलावर, आजींच्या तोंडाला तोंड लागेल एवढ्यावर. ती श्वास धरून बसली. वाक्यापुरता सोडायची, पुन्हा धरायची. हात तोंडावर होताच.

"हात काढ गं तोंडावरचा," आजी म्हणाल्या. "काही ऐकू येत नाही मला."

तिने काढला. डॉक्टरांनी विचारलं, तिने विचारलं, आजींनी सांगितलं, तिने सांगितलं. माझी खालची डावी दाढ ठणकते, कळ कानात जाते, आडवी झाले की जास्त. मी बसून रात्र काढते. डॉक्टरांनी आरसा घातला, ठोकून बघितलं, फोटो काढला. दाढ ठेवण्यासारखी राहिली नव्हती, आज काढून टाकू म्हणाल्या. आजींनी डोळे मिटून मान हलवली. "आणखी काही तक्रार? तोंडाची, हिरड्यांची?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने आजींना विचारलं.

"दाढ काढ म्हणावं तिला. बाकी सगळं झकास आहे."

"दाढ काढा," ती डॉक्टरांना म्हणाली. आणि तिथे वाक्य संपायला हवं होतं. पण तिला स्वतःचाच आवाज पुढे ऐकू आला, तसाच सपाट, तसाच स्वच्छ. "आणि माझ्या तोंडाला वास येतो. पुष्कळ दिवस झाले. घासून, धुऊन जात नाही. लोक लांब सरकून बसतात."

काही झालं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, नळीतून पाणी ओघळत होतं. डॉक्टरांनी नुसती मान डोलावली आणि आजींकडे बघून, अगदी आजींच्या डोळ्यांत बघून बोलायला लागल्या. "यात लाजायचं काही नाही. फार जणांना असतं. बहुतेक वेळा कारण तोंडातच सापडतं. जिभेच्या मागच्या भागावर थर बसतो, हिरड्यांत कीटण साठतं, नाहीतर दातावर बसवलेली एखादी जुनी टोपी असते, तिच्याखाली सडत असतं आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. कधी गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. कधी नाक असतं, टॉन्सिल असतात, साखर असते. पोट क्वचित. बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण बघितलं की बहुतेकदा सापडतं." ती बाजूला बसून ऐकत होती. एवढ्या दिवसांनी कुणीतरी तिच्याशी बोलत होतं आणि तिच्याकडे बघत नव्हतं. लाजायचं काही नाही, हे वाक्य तिला धरून ठेवावंसं वाटलं.

"गोळ्या चालू आहेत का कसल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय म्हणते?" आजींनी विचारलं. "एवढं लांबलचक काय बोलली?"

"गोळ्या घेता का विचारतायत."

"मला कसल्या गोळ्या? जन्मात गोळी खाल्ली नाही मी."

आणि ती डॉक्टरांना म्हणाली, "प्रेशरची एक. आणि अंगावर पित्त उठतं त्याची, रोज झोपताना." हेही तिचंच. ते तिने ठरवून केलं नव्हतं. वास आपला म्हटल्यावर गोळ्याही आपल्या, दुसरं उत्तर तिच्या तोंडाला सुचलंच नाही.

"पित्ताची कोणती? नाव?"

नाव तिला पाठ होतं. "आठवत नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. सुई तयार होती ती बाजूच्या ट्रेमध्ये परत ठेवली. "मग आज दाढ काढत नाही. प्रेशर आहे, वर एक गोळी कोणती ते माहीत नाही. यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणू देत, पुढच्या आठवड्यात बघू. तोवर दुखणं कमी व्हायला औषध देते. हे सगळं यांच्या नावावर लिहून ठेवते." आणि त्या कॉम्प्युटरकडे वळल्या.

आजी बघत होत्या. काढलेले हातमोजे त्यांनी पाहिले होते, ट्रेमध्ये गेलेली सुई पाहिली होती. ओढणीच्या गाठीवर त्यांचा हात गेला. "काय झालं? काढत नाही का?"

एक वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. सूज उतरू दे म्हणतात. इतकं साधं. सगळे डॉक्टर असंच म्हणतात, आजींनी मान हलवली असती, औषध पदरात घेऊन दोन बस बदलून घरी गेल्या असत्या, बसून रात्री काढल्या असत्या, आणि कुणाला काही कळलं नसतं. या खोलीत दोन्ही भाषा येणारं माणूस एकच होतं. एवढ्या वर्षांत तिला ही गोष्ट पहिल्यांदा लख्ख दिसली, की आपण ठरवलं तर इथे काहीही खरं करू शकतो, आणि ती इतकी घाबरली की स्टूल धरून बसली. डॉक्टरांची बोटं टपटप चालली होती. तिचं प्रेशर आजींच्या नावावर जात होतं. तिचं पित्त जात होतं.

"बोल की," आजी म्हणाल्या. "आजच काढ म्हणावं. नाही सोसवत गं पोरी."

"आजच काढा, मला सोसवत नाही," तिने डॉक्टरांना सांगितलं. मग म्हणाली, "दुभाषीची चूक झाली."

डॉक्टर वळल्या. "म्हणजे?"

"वासाचं पेशंट बोलल्या नाहीत. गोळ्यांचंही नाही. त्यांना कसल्याच गोळ्या नाहीत. दुभाषी..." पुढे वाक्य जाईना. कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या माणसाला तोंडच नव्हतं. "मी," ती म्हणाली. "माझ्या तोंडाला वास येतो. गोळ्या माझ्या आहेत. ते मी माझं सांगितलं."

मास्कच्या वरचे डोळे तिच्यावर रोखले होते. त्यांत राग होता, आणि तो तिला रास्त वाटला. डॉक्टरांनी लिहिलेलं आधी पुसलं, मग पुन्हा तपासलं. "ताई, हे यांच्या नावावर राहिलं असतं तर पुढे कुणी काय औषध दिलं असतं, कल्पना आहे का? हे मला तुमच्या ऑफिसला कळवावं लागेल."

"कळवा."

"काय चाललंय?" आजी म्हणाल्या.

खोलीत जे बोललं जाईल ते दोन्ही बाजूंना. तिने आजींकडे तोंड केलं, हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, आणि सगळं सांगितलं. वास, गोळ्या, ट्रेमध्ये ठेवलेली सुई, ऑफिसला कळवायचं तेही. सांगताना श्वास धरता येत नव्हता.

"म्हणजे वास तुझ्या तोंडाला, आणि नाव माझं?"

"हो."

"आणि त्यापायी माझी दाढ राहिली असती?"

"हो, आजी."

आजींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. सुजलेल्या गालाने माणूस असतो त्यापेक्षा रागीट दिसतो, पण त्या खरोखरच रागावल्या होत्या. "असलं करू नये," त्या म्हणाल्या. "मी बाई आंधळा विश्वास टाकून बसलेय तुझ्यावर." मग ओढणी सारखी करत, "येतो पण."

"काय?"

"वास. येतो. बसलीस तेव्हापासून येतोय. मला वाटलं तुला माहीत असेल, म्हणून तर हात धरून बसली होतीस तोंडावर."

तिच्या कानशिलात ऊन भरलं. लाज वाटली, चांगलीच वाटली, पण त्या लाजेखाली आणखी काहीतरी होतं, पाण्यात पाय तळाला टेकल्यासारखं. इतके दिवस नुसत्या सरकणाऱ्या खुर्च्या, गोळ्या, पेन्सिली. आणि आता हे, सरळ, ओल्या मिशा पुसत ऐकावं असं. डॉक्टर वाट बघत होत्या. "पेशंट काय म्हणतात?"

"मला हिच्या तोंडाचा वास येतो," तिने डॉक्टरांना सांगितलं, एक शब्द न गाळता. "बसली तेव्हापासून येतोय."

दाढ त्या दिवशीच निघाली. तिने सुईच्या वेळी आजींचा हात धरला, आजींनी तो धरू दिला. सगळं आटोपल्यावर आजी कापूस चावून बाजूच्या खुर्चीत बसल्या आणि डॉक्टरांनी रिकाम्या झालेल्या मोठ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "पुढचा पेशंट यायला वेळ आहे. बसा."

ती बसली. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला. डॉक्टरांनी मास्क हनुवटीखाली ओढला. खाली साधा, दमलेला चेहरा होता, वरच्या ओठावर लहानशी खूण. "तोंड मिटून जरा थांबा. आता उघडा आणि हळू श्वास सोडा." तिने तोंड उघडलं आणि श्वास धरला. "धरू नका. सोडा." तो चेहरा जवळ आला, आणखी जवळ आला. तिच्या मांड्या ताठ झाल्या, तो चेहरा कधी मागे सरतो याची ती वाट बघत होती. तो गेला नाही. नाकपुड्या हलल्या, तिथेच थांबल्या. तिने श्वास सोडला.

"येतो," डॉक्टर म्हणाल्या. मग आरसा, टोकदार हत्यार, जीभ बाहेर, जीभ आत, आणि अगदी मागच्या दाढेवरच्या टोपीच्या कडेला ते टोक घालून बाहेर काढून त्यांनी हुंगलं. "मुख्य इथून. टोपी सैल झालीय, आत सडतंय. बाजूची हिरडी सुजलीय. टोपी काढावी लागेल, हिरड्या साफ कराव्या लागतील, दोन-तीनदा यावं लागेल. पित्ताच्या गोळीने तोंड कोरडं पडतंय, पण ती आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. साखर तपासून घ्या. एवढं करून राहिला तर नाकवाल्यांना दाखवू. निळी औषधं आणि उपास आधी थांबवा."

सोमवार पुढे होताच. मुख्य बाई होत्या, पेन्सिल होती, आणि आता त्यांना बोलायला खरं कारण मिळणार होतं. काचेची केबिन तिला आत्तासुद्धा दिसत होती, तिच्यातली फिरती खुर्चीही. ती टळेल असं तिला वाटत नव्हतं. आजींनी बाजूने तिच्या बाहीला ओढलं.

"काय म्हणते डॉक्टरीण?" त्यांनी कापसातून, सुन्न जबड्यातून विचारलं. "एवढा वेळ काय बघितलं?"

"येतो म्हणते," तिने सांगितलं.

"ते तर मीच सांगितलं होतं," आजी म्हणाल्या.

"पेशंट म्हणतात," डॉक्टरांनी विचारायच्या आधीच ती सवयीने सुरू झाली, मग थांबली, कारण ते तसं म्हणायचं नसतं. "ते तर मीच सांगितलं होतं," ती नीट म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. दिवा अजून तोंडावर होता, डॉक्टर अजून वाकलेल्याच होत्या, आणि तोंडावर हात न्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.